ॲटिकस फिंचने ज्यूरीवर हरकत का घेतली नाही?

कोर्टाचीपायरी (धागाकर्ता)

'टू किल अ मॉकिंगबर्ड' मी पहिल्यांदा वाचली ती विधी महाविद्यालयात असताना, आणि त्या वयात जे व्हायचे तेच झाले: त्यातला वकील ॲटिकस फिंच माझा देव झाला. आता जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करता करता सव्वीस वर्षे उलटली. उन्हाळ्याच्या सुट्टीत कोर्ट बंद होते म्हणून ती पुन्हा हाती घेतली, पण या खेपेस ती कादंबरी म्हणून वाचणे काही जमले नाही. अपिलाचे पेपरबुक वाचावे तशी, हातात पेन्सिल घेऊन, समासात खुणा करत वाचली. त्यातून एक प्रश्न मनात रुतून बसला आहे, तो येथे मांडतो.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी आधी वस्तुस्थिती. हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० मध्ये प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. स्थळ अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्य, तेथील मेकॉम्ब नावाचे काल्पनिक गाव, आणि काळ १९३०च्या दशकातील महामंदीचा. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय शेतमजुरावर मेएला यूएल या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप आहे, आणि त्या काळच्या अलाबामात या गुन्ह्याला देहदंड होता. न्यायाधीश टेलर बचावासाठी ॲटिकसची नेमणूक करतात. अशा नेमणुका एरवी मॅक्सवेल ग्रीन या सगळ्यात नवख्या वकिलाकडे जात, हा तपशील कादंबरीत ओझरता येतो. पण ज्याने सरकारी खर्चाने वकील नेमला जाताना पाहिला आहे त्याला तेथे थांबावेसे वाटते, कारण उघडपणे काही न बोलता न्यायाधीशाला जे करता येण्यासारखे होते ते तेवढेच होते.

पुरावा पाहिला तर हा खटला उभाच राहू नये इतका तकलादू आहे. घटनेनंतर डॉक्टरला बोलावलेले नाही, म्हणजे वैद्यकीय पुरावा शून्य. मुलीचा उजवा डोळा काळानिळा झालेला आहे, म्हणजे समोरून मारणारा बहुधा डावखुरा. ॲटिकस तिच्या बापाला, बॉब यूएलला, एका पाकिटावर स्वतःचे नाव लिहायला लावतो आणि तो ते डाव्या हाताने लिहितो. टॉमचा डावा हात लहानपणी कापसाच्या जिनिंग यंत्रात सापडून कायमचा लुळा पडलेला आहे, उजव्यापेक्षा फूटभर आखूड; शपथ घेताना तो बायबलावर टेकत नाही, घसरून खाली येतो. आमच्या कनिष्ठ वकिलांना उलटतपासणीचा नमुना म्हणून मी हीच पाने वाचायला देतो.

आता माझा प्रश्न. बारा गोऱ्या पुरुषांची ज्यूरी, त्यात बहुतेक शेतकरी, टॉमला दोषी ठरवते. कथेतील काळ मोजत गेलो तर हा खटला १९३५ च्या उन्हाळ्यात चालतो. त्याच्या काही महिने आधी, १ एप्रिल १९३५ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 'नॉरिस विरुद्ध अलाबामा' या निकालात, म्हणजे याच राज्यातील अशाच आरोपाच्या खटल्यात, कृष्णवर्णीयांना ज्यूरीतून पद्धतशीरपणे वगळणे घटनाबाह्य ठरवून शिक्षा रद्द केली होती. राज्याच्या विधिमंडळाचा सदस्य असलेल्या वकिलाच्या कानावर हे गेले नसेल, असे मला वाटत नाही. तरीही ॲटिकसने ज्यूरीच्या यादीवर हरकत घेतल्याचा उल्लेख कोठेही सापडत नाही. खटला दुसऱ्या काउंटीत हलवण्यासाठी अर्ज दिल्याचाही नाही. उलट, कनिंगहॅमांच्या नात्यातला एक जण आपण नुसत्या अंदाजाने ज्यूरीत राहू दिला आणि तोच इतरांना काही तास पुरून उरला, असे तो नंतर मुलांना सांगतो. म्हणजे ज्यूरीचा विचार त्याने बारकाईने केला होता, पण तो समोर आलेल्या गोऱ्या यादीच्या आत.

हा माणूस प्रामाणिक आहे याविषयी मला शंका नाही. हरणार हे ठाऊक असूनही तो जीव ओतून लढतो. परंतु निकाल आधीच लावून बसलेल्या व्यवस्थेत, तिच्या मांडणीला हात न लावता उत्तम वकिली करणे, याला नैतिक धैर्य म्हणायचे की नुसता सभ्यपणा? सदस्यांनी, विशेषतः कायद्याशी संबंध असलेल्यांनी, मत द्यावे.

सरोजवाचते

वकीलसाहेब, तुमची पेन्सिल जरा जास्तच टोकदार झाली आहे. ॲटिकसची नीतिमत्ता तुम्ही फक्त कोर्टाच्या दालनात शोधता आहात, आणि ती मुख्यतः तेथे नाहीच.

खटल्याच्या आदल्या रात्रीचा प्रसंग आठवून पाहा. टॉमला गावच्या तुरुंगात आणले आहे आणि जमाव येणार अशी कुणकुण आहे. ॲटिकस कचेरीतली खुर्ची आणि लांब वायरला लावलेला दिवा घेऊन जातो, दिवा तुरुंगाच्या दाराशी टांगतो आणि खाली वर्तमानपत्र वाचत बसतो. त्याच्याजवळ शस्त्र नाही. मोटारी येऊन थांबतात, माणसे उतरतात, आणि ती सगळी त्याच्या ओळखीची असतात, हे मला सर्वांत भयंकर वाटते. त्यांच्यातील वॉल्टर कनिंगहॅम हा त्याचा जुना अशील. मालमत्तेच्या कज्जाची फी त्याने रोख देता येईना म्हणून जळाऊ लाकडे आणि अक्रोडासारख्या फळांची पोती आणून दिली होती. स्काउट, म्हणजे ॲटिकसची आठ-नऊ वर्षांची मुलगी, त्याला ओळखते आणि त्याच्या मुलाची, त्याच्या कज्जाची चौकशी करू लागते. आणि तो खजील होऊन सगळ्यांना परत घेऊन जातो. या प्रसंगाला पुष्कळ जण भाबडा म्हणतात. पण जमावातल्या माणसाला त्याच्या नावाने हाक मारली की तो काही क्षण जमावातून बाहेर येतो, याचा अनुभव दंगलीच्या काळात गावात राहिलेल्या कोणालाही असेल.

हा खटला का घेतला असे स्काउट विचारते तेव्हा तो कायद्याचे नाव काढत नाही. तो घेतला नसता तर गावात मान वर करून वावरता आले नसते आणि तुम्हा मुलांना अमुक करू नका असे सांगण्याचा अधिकारही उरला नसता, अशा अर्थाचे तो सांगतो. घरात एक आणि चावडीवर एक असे त्याचे नाही. नीतिमत्तेची याहून मोठी व्याख्या मला करता येत नाही, आणि ज्यूरीच्या यादीवरून ती कमी होते असेही मला वाटत नाही.

भांडखोर_नाही

सरोजताई, सर्व मान्य. तरीही न्यायाधीशाने नेमला, म्हणून तो उभा राहिला. नेमलेल्या वकिलाने नीट काम केले याचा एवढा गाजावाजा कशासाठी, हे मला खरोखर समजत नाही.

तळटीप

@भांडखोर_नाही, गाजावाजा कशासाठी हे समजायला त्याच अलाबामातील खऱ्या नेमणुकांकडे पाहावे लागेल. धागाकर्त्यांनी नॉरिस निकालाचा उल्लेख केलाच आहे. तो ज्या प्रकरणातून आला ते स्कॉट्सबोरो प्रकरण येथे थोडे सविस्तर सांगतो, कारण ते बाजूला ठेवून ॲटिकसला मोजताच येणार नाही.

२५ मार्च १९३१ रोजी मालगाडीतून फुकट प्रवास करणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना पेंट रॉक या ठिकाणी उतरवून अटक झाली. त्याच गाडीतून चाललेल्या दोन गोऱ्या तरुणींनी त्यांच्यावर बलात्काराचा आरोप केला. बारा दिवसांत खटले उभे राहिले आणि चार दिवसांत आटोपले. बचावाला उभे राहिलेल्या दोघांपैकी एक मालमत्तेच्या व्यवहारांत काम करणारा परराज्यातला वकील होता, दुसरा सत्तरीला टेकलेला आणि कित्येक वर्षे असा खटला न चालवलेला. अशिलांशी बोलायला त्यांना जेमतेम अर्धा तास मिळाला. नऊपैकी आठ जणांना मृत्युदंड ठोठावला गेला. १९३२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'पॉवेल विरुद्ध अलाबामा' या निकालात, देहदंडाच्या खटल्यात आरोपीला खऱ्या अर्थाने वकील मिळाला पाहिजे असे सांगून त्या शिक्षा रद्द केल्या. नेमलेला वकील नीट काम करतो, ही तेव्हा तेथे गृहीत धरण्यासारखी गोष्ट नव्हती. ती मिळवण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले होते.

फेरखटल्यात न्यूयॉर्कचे सॅम्युअल लीबोविट्झ बचावासाठी आले आणि त्यांनी फी घेतली नाही. पायरीसाहेब जे ॲटिकसकडून अपेक्षितात ते लीबोविट्झ यांनी केले: पुराव्याला हात घालण्याआधी ज्यूरीच्या याद्यांवर हरकत घेतली, आणि शिकलेल्या, नोकरीधंदा असलेल्या कृष्णवर्णीय नागरिकांना साक्षीला आणून, या माणसांना कधी ज्यूरीसाठी बोलावले होते काय, असा प्रश्न विचारला. पुढे यादीत काही कृष्णवर्णीयांची नावे आढळली, पण ती मागाहून घुसडलेली होती. सर्वोच्च न्यायालयात सुनावणी चालू असताना ती मूळ नोंदवही न्यायमूर्तींच्या हाती देण्यात आली आणि त्यांनी भिंगातून त्या ओळी पाहिल्या. त्या एका वहीवर निकाल फिरला.

मला मात्र लीबोविट्झ यांच्यापेक्षा दुसरा एक माणूस ॲटिकसच्या अधिक जवळचा वाटतो, आणि तो वकील नाही. १९३३ च्या वसंतात त्या नऊ जणांपैकी हेवूड पॅटर्सन याचा फेरखटला जेम्स हॉर्टन या न्यायाधीशांपुढे चालला. हॉर्टन अलाबामातलेच, जुन्या घराण्यातले, मतदारांनी निवडून दिलेले. दोन तरुणींपैकी रूबी बेट्स हिने साक्षीत सांगितले की असे काही घडलेच नव्हते. तरीही ज्यूरीने दोषी ठरवून देहदंड दिला. जून १९३३ मध्ये हॉर्टन यांनी भर कोर्टात पुराव्याचे एकेक अंग तपासून तो निकाल स्वतःच्या अधिकारात रद्द केला. पुढच्या वर्षी ते निवडणूक हरले आणि पुन्हा न्यायाधीश झाले नाहीत.

आपल्याकडच्या वाचकांना एक खुलासा करायला हवा. नानावटी खटल्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक असा निर्दोष असल्याचा कौल दिला, तो सत्र न्यायाधीशांना पटला नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले, हे आपल्याला ठाऊक असते. अमेरिकेत ज्यूरीने सोडलेल्या आरोपीला न्यायाधीश अडकवू शकत नाही. पण दोषी ठरवलेल्याचा निकाल तो रद्द करू शकतो. म्हणजे कादंबरीतील न्यायाधीश टेलर यांनाही हॉर्टन यांचा मार्ग मोकळा होता. ते खुर्चीत रेलून सिगार चघळतात, चांगला वकील नेमतात आणि तेथे थांबतात. हरकत घ्यायचीच तर मी त्यांच्यावर घेईन.

अवंती_न

चर्चेत अजून मेएला कोठेच नाही, म्हणून हे लिहिते आहे.

साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ॲटिकस तिला 'मिस मेएला' म्हणतो आणि ती संतापते; हा माझी थट्टा करतो आहे असे ती न्यायाधीशांना सांगते. एकोणीस वर्षांच्या मुलीला आजवर कोणी आदराने हाक मारलेली नाही, म्हणून तिला आदर ऐकूच येत नाही. गावच्या उकिरड्याला लागून असलेल्या तिच्या झोपडीच्या आवारात एका कोपऱ्यात टवके उडालेल्या सहा भांड्यांत लाल जिरेनियम लावलेली असतात आणि ती झाडे तीच जपते, असे गावात सांगतात. टॉमला घरात बोलावण्यासाठी तिने वर्षभर पाच-पाच सेंटची नाणी जमवून सातही भावंडांना आइस्क्रीम खायला गावात पाठवले होते. बापाचा मार ती खाते आहे, आणि मारापेक्षा वाईट काही घडत असावे असे लेखिका सुचवते.

ॲटिकस हे सगळे कोर्टात उघडे करतो. ते त्याला करावेच लागते, कारण दुसऱ्या पारड्यात टॉमचा जीव आहे. आपल्या भाषणात तो तिच्याविषयी कीव असल्याचे सांगतो, आणि त्याच वेळी तिची भूक, तिचा एकटेपणा हाच तिचा अपराध म्हणून ज्यूरीपुढे ठेवतो. खोट्या साक्षीचा दोष तिच्यावर आहेच. एका निरपराध माणसाचा त्यात बळी जातो. मला एवढेच म्हणायचे आहे की ॲटिकसचे मोठेपण त्याच्या निष्कलंकपणात शोधू नका. सभ्य माणसाला एका दुबळ्या जिवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या दुबळ्या जिवाची लक्तरे काढावी लागतात, आणि ती काढताना त्याने आवाज चढवलेला नाही. बारा जणांत एकही बाई नव्हती हेही लक्षात घ्या. अलाबामात १९६६ पर्यंत स्त्रियांना ज्यूरीत बसता येत नव्हते. ॲटिकस हे मुलांना सांगतो खरा, पण हसत हसत सांगतो. पायरीदादा, तुमच्या हरकतीच्या अर्जात हाही मुद्दा घाला.

हंट्सविलकर

मी नोकरीनिमित्त अकरा वर्षे अलाबामातच राहतो, म्हणून प्रत्यक्ष पाहिलेले सांगतो. मेकॉम्बचा नमुना म्हणजे लेखिकेचे मन्रोव्हिल हे गाव. तेथील जुने कोर्ट आता संग्रहालय आहे. आत गेल्यावर प्रथम जाणवते ती लाकडी जमिनीची करकर आणि तिन्ही बाजूंनी वळलेली गॅलरी; ज्या गॅलरीत कृष्णवर्णीयांना बसावे लागे आणि जेथून स्काउट, तिचा भाऊ जेम व त्यांचा मित्र डिल खटला पाहतात, ती तशीच आहे. वर जाऊन खाली पाहिले की वकिलाची जागा किती लहान दिसते, याचे मला आश्चर्य वाटले. दर वसंतात गावातीलच लोक कादंबरीचे नाटक करतात, पहिला भाग कोर्टाच्या हिरवळीवर आणि खटला आत, आणि ज्यूरी प्रेक्षकांतून निवडतात. राज्याच्या वकील संघटनेने १९९७ मध्ये ॲटिकसचे एक स्मारकही या गावात उभारले आहे. जन्माला न आलेल्या वकिलाचे स्मारक मी दुसरीकडे पाहिलेले नाही.

याच गावात १९८६ मध्ये एका गोऱ्या तरुणीचा खून झाला आणि वॉल्टर मॅकमिलियन या कृष्णवर्णीय माणसाला पकडण्यात आले. खुनाच्या वेळी तो घरी होता आणि मासळी तळून विकण्याच्या कार्यक्रमाला आलेल्या कितीतरी लोकांनी त्याला तेथे पाहिले होते. खटला चालण्याआधीच त्याला मृत्युदंडाच्या कैद्यांच्या तुरुंगात ठेवले गेले. पायरीसाहेब, खटला दुसऱ्या काउंटीत हलवण्याचा मुद्दा तुम्ही काढला आहे. मॅकमिलियनचा खटला हलवला गेला, आणि तो जेथे कृष्णवर्णीयांची वस्ती पुष्कळ कमी त्या काउंटीत गेला. अकरा गोरे आणि एक कृष्णवर्णीय अशा ज्यूरीपुढे तो दीड दिवसात आटोपला. ज्यूरीने जन्मठेपेची शिफारस केली, ती बाजूला सारून न्यायाधीशाने देहदंड दिला. ब्रायन स्टीव्हनसन या कृष्णवर्णीय वकिलाने वर्षानुवर्षे झगडून दडपलेला पुरावा बाहेर काढला, तेव्हा १९९३ मध्ये तो निर्दोष सुटला. ज्यूरीची शिफारस डावलण्याचा न्यायाधीशांचा अधिकार अलाबामाने २०१७ मध्ये काढून घेतला.

मन्रोव्हिलच्या चौकातील दुकानांतून मॉकिंगबर्डची चित्रे असलेले कप आणि थैल्या विकायला असतात. मी एक कप विकत घेतला. मुलीने विचारले, मॅकमिलियनचे काही नाही का? मला तरी काही दिसले नाही.

पाथेय

हंट्सविलकरांच्या प्रतिसादाने मूळ प्रश्नाची दुसरी बाजू समोर आली. ॲटिकसविषयी आपण एवढे बोलतो, परंतु टॉम रॉबिन्सन या कादंबरीत किती बोलतो? साक्षीपुरता. त्यातही त्याच्या जिवावर बेतते ते एका वाक्यामुळे: त्या मुलीची आपल्याला कीव आली असे तो म्हणून जातो, आणि कृष्णवर्णीय माणसाने गोऱ्या मुलीची कीव करावी, हे त्या दालनाला गुन्ह्याहून मोठे वाटते. निकालानंतर गॅलरीतले सगळे कृष्णवर्णीय ॲटिकससाठी उठून उभे राहतात. तो प्रसंग वाचताना माझेही डोळे भरून आले होते. नंतर लक्षात आले की ज्याला शिक्षा झाली तो खाली आहे, आणि उभे राहणे मात्र वकिलासाठी आहे.

१९३५ मध्ये असे खटले लढणारे कृष्णवर्णीय वकील नव्हतेच असा समज असेल तर तो चुकीचा आहे. नॉरिस निकालानंतर सहा आठवड्यांच्या आत, मे १९३५ मध्ये, 'हॉलिन्स विरुद्ध ओक्लाहोमा' हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाले. आरोप तोच, आरोपी कृष्णवर्णीय, ज्यूरीतून कृष्णवर्णीयांना वगळलेले. ते प्रकरण चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांनी चालवले. हॉवर्ड विद्यापीठाच्या विधी शाळेचे प्रमुख असलेल्या ह्यूस्टन यांच्याच हाताखाली थर्गूड मार्शल, म्हणजे पुढे सर्वोच्च न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती, तयार झाले. अलाबामात आर्थर शोर्स १९३७ पासून वकिली करू लागले. १९६३ मध्ये बर्मिंगहॅम येथील त्यांच्या घरावर दोनदा बॉम्ब टाकले गेले. ॲटिकसवर बॉब यूएल थुंकतो आणि ॲटिकस तोंड पुसतो. दोघांच्या वाट्याला आलेल्या जोखमीत हा फरक आहे.

मराठी वाचकाला येथे महाडचा दावा आठवल्याशिवाय राहत नाही. चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांना वापरू देऊ नये म्हणून १९२७ च्या डिसेंबरात दिवाणी दावा दाखल झाला, त्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः प्रतिवादी होते. उच्च न्यायालयाचा अंतिम निकाल १७ मार्च १९३७ रोजी त्यांच्या बाजूने लागला. तेथे अन्याय ज्याच्यावर झाला आणि कायदा ज्याने वापरला ती माणसे वेगळी नव्हती. वर्ण आणि जात एकच आहेत असे मी म्हणत नाही. पण न्यूयॉर्कला शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही प्रश्नांतील साम्याचा उल्लेख केला होता, तेव्हा ही तुलना मी ओढूनताणून आणलेली नाही.

सरोजवाचते

पाथेय, गॅलरीविषयीचे तुमचे म्हणणे मनाला लागले. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळचे स्वयंपाकघर विसरू नका. टॉमच्या समाजातील माणसांनी ॲटिकसच्या घराच्या मागच्या पायऱ्यांवर कोंबड्या, टोमॅटो, घेवडा, खारवलेले मांस असे काय काय आणून ठेवलेले असते, आणि ॲटिकसचे डोळे भरून येतात. दिवस असे वाईट आहेत, पुन्हा असे करू नका असे त्यांना सांग, एवढेच तो घरच्या कृष्णवर्णीय स्वयंपाकिणीला, कॅलपर्नियाला सांगतो. त्याला आपण काय केले आणि काय केले नाही याचा हिशेब ठाऊक आहे असे मला त्या पानावर वाटते.

जुनाट_पान

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हार्पर ली यांच्याच 'गो सेट अ वॉचमन' या कादंबरीचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे नवल वाटते. त्यात म्हातारा ॲटिकस वर्णभेदाचे समर्थन करणाऱ्या सभेत बसलेला आहे, आणि त्याची मुलगी तीच गॅलरी गाठून वरून ते पाहते. पुष्कळांना वाटले की आपल्या देवाचे पाय मातीचे निघाले. वस्तुतः ते हस्तलिखित आधीचे, १९५० च्या दशकाच्या मध्याचे. म्हणजे लेखिकेने प्रथम तो ॲटिकस लिहिला आणि मग संपादकाच्या सांगण्यावरून मागे जाऊन, लहान मुलीच्या डोळ्यांतून, हा. लेखिकेचे वडील स्वतः वकील होते आणि १९१९ मध्ये त्यांनी दोन कृष्णवर्णीय आरोपींचा बचाव केला होता; दोघांनाही फाशी झाली. मुलीने वडिलांना कादंबरीत थोडे अधिक धैर्य दिले असेल, तर मला त्यात काही वावगे दिसत नाही.

कोर्टाचीपायरी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काही मुद्दे मी मागे घेतो आणि एक नवा मांडतो.

हंट्सविलकरांनी मॅकमिलियन प्रकरण सांगितल्यावर खटला हलवण्याचा माझा आग्रह सोडतो. १९३५ मध्ये अलाबामातील कोणत्या काउंटीत टॉमला बरी ज्यूरी मिळाली असती? तळटीप यांनी न्यायाधीश टेलर यांच्यावर ठेवलेला दोषही रास्त आहे. तो माझ्या नजरेतून सुटला होता, बहुधा आम्हा वकिलांना न्यायाधीशावर बोट ठेवायची सवय नसल्यामुळे.

माझी जुनी अडचण मात्र शेवटच्या प्रकरणांत वाढली. बॉब यूएल ॲटिकसच्या मुलांवर हल्ला करतो आणि त्या झटापटीत मरतो. आपल्या मुलाने, जेमने, त्याला मारले असावे असे वाटते तोवर ॲटिकस हटून बसतो: प्रकरण झाकायचे नाही, सगळे उघड कोर्टात येऊ द्या. पुढे उलगडते की मारणारा शेजारचा एकलकोंडा बू रॅडली आहे, आणि शेरीफ हेक टेट सांगतो की यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. ॲटिकस ते मान्य करतो. बूला कोर्टात खेचणे क्रूरपणाचे ठरले असते, हे मलाही पटते. परंतु कायदा बाजूला ठेवून माणूस पाहण्याची मुभा त्या गावात गोऱ्या शेजाऱ्याला मिळाली. टॉमला कायदा सरळ लागू झाला असता तरी पुरे होते, तो सुटला असता.

टॉम अपिलाची वाट पाहत नाही. तुरुंगाच्या शेतावरून तो पळू पाहतो आणि त्याच्या अंगात सतरा गोळ्या सापडतात. अपिलात चांगली आशा होती, असे ॲटिकस घरी येऊन सांगतो. हे वाचून परवा मी आणि माझी कनिष्ठ सहकारी आमच्या कचेरीत बसलो आणि निव्वळ सराव म्हणून टॉमच्या अपिलाची कारणे लिहून काढली. पहिले कारण अर्थातच ज्यूरीची यादी. मी तिला सांगितले की ते टिकणार नाही. अशी हरकत खटला सुरू होताना घ्यावी लागते, लीबोविट्झ यांनी घेतली होती, आणि ॲटिकसने ती घेतल्याचे कादंबरीत कोठेही नाही.

तिने पुस्तक मागितले, खटल्याच्या दिवसाची पाने काढली आणि माझ्यापुढे ठेवली. ज्यूरी सकाळी निवडली गेली. त्या वेळी मुले कोर्टात नव्हती. ती दुपारच्या जेवणानंतर चौकात येतात, आत जागा मिळत नाही, कृष्णवर्णीयांच्या चर्चचे रेव्हरंड साइक्स त्यांना गॅलरीत नेतात, आणि ती तेथे बसतात तेव्हा शेरीफ टेट साक्षीला उभा असतो. संपूर्ण खटला सांगणारी स्काउट सकाळच्या सत्रात हजर नव्हती. मी पेन्सिलीने समासात केलेली खूण तेथे तशीच आहे, तिच्यापुढे आता तिच्या अक्षरात एक प्रश्नचिन्ह आले आहे.